पाठची काच आणि हक्कुल इबाद

‘दगडफेकीत काही वाहनांच्या काचा फुटल्या, सुदैवाने जीवितहानी झाली नाही.’ अशी ओळ आपण इतक्या वेळा वाचली आहे की, तिच्यावर नजर थांबतही नाही. माणसं वाचली हे महत्त्वाचंच. पण त्या ‘काही वाहनां’चे मालक दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतात, हे त्या बातमीत कधी येत नाही. काच किती रुपयांची, ती कुठून आणायची, गाडी किती दिवस उभी राहणार आणि हे पैसे कोण देणार, हे प्रश्न बातमी संपल्यावर सुरू होतात. दगड जमावाचा असो, मुलांच्या चेंडूचा फटका असो की गाडी मागे घेताना शेजाऱ्याने दिलेली धडक असो, शेवटचा प्रश्न एकच राहतो. मला वाटतं, मुसलमान म्हणून आणि नागरिक म्हणून आपण या प्रश्नाला फार हलक्यात घेतो.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातून एकदा चालत गेलं की हा प्रश्न किती रोजचा आहे ते कळतं. बंदराला लागून असलेली दाट वस्ती, एकमेकांना खेटून घरं, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागेल अशा गल्ल्या. पोरांना खेळायला मैदान नाही, म्हणून क्रिकेट गल्लीतच. गाडी उभी करायला जागा नाही, म्हणून गाडीही गल्लीतच. त्यातली एखादी गाडी आखाती देशात नोकरी करणाऱ्या मुलाने घरच्यांसाठी घेतलेली असते. दुसरी कर्जावर घेऊन भाड्याने चालवली जाते. तिसरी पहाटे मासळी आणि बर्फ घेऊन निघते. फूटभर अंतरावर तीन वेगवेगळी घरं, तीन वेगवेगळ्या ऐपती. चेंडू किंवा दगड मात्र ऐपत बघून पडत नाही.

आधी या काचेचं शास्त्र थोडं समजून घेऊ, कारण ‘एक काच तर आहे’ हे बोलणं तिथेच चुकतं. गाडीची पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. दगड लागला तर ती तडकते, पण जागेवर राहते. छोटा टवका उडाला असेल तर त्यात राळ भरून दुरुस्तीही होते. पाठची काच बहुतेक गाड्यांत वेगळ्या जातीची असते. ती सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून थंड हवेच्या झोताने एकदम निववलेली असते. त्यामुळे तिच्या पृष्ठभागावर दाब आणि आत ताण असा तोल तयार होतो. म्हणून ती साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते. पण एका ठिकाणी तो तोल बिघडला की संपूर्ण काच एका क्षणात बोथट दाण्यांचा ढीग होऊन डिकीत कोसळते. माणसाचा गळा कापला जाऊ नये म्हणूनच ती अशी बनवलेली आहे. त्याचा दुसरा अर्थ असा की, तिला दुरुस्ती नाही. आणि अशी काच एकदा तयार झाल्यावर कापता येत नाही, त्यामुळे गावातल्या काचवाल्याकडे माप देऊन कापून घेण्याचा मार्गही बंद. त्याच गाडीची, त्याच मॉडेलची, कारखान्यात घडवलेली काचच हवी.

त्यात आतल्या बाजूला दिसणाऱ्या बारीक तांबूस रेघा म्हणजे धुकं घालवणाऱ्या हीटरच्या तारा. चांदीची लुकण छापून, भाजून त्या काचेवर पक्क्या केलेल्या असतात. काही गाड्यांत रेडिओचा अँटेनाही त्याच काचेत असतो, काहींना पाठीमागे वायपर असतो. जितक्या या गोष्टी वाढतात तितका आकडा वाढतो. साध्या छोट्या गाडीची काच बसवून घेण्यासह तीन-चार हजारांपासून सुरू होते. हीटर-वायपरवाल्या मोठ्या गाडीला दहा-पंधरा हजार सहज लागतात. परदेशी बनावटीच्या महागड्या गाडीचा हिशेब त्याच्याही कितीतरी पुढे जातो.

पण बिलावरचा आकडा हा पूर्ण खर्च नसतो. काच रत्नागिरीत मिळाली नाही तर ती कोल्हापूर किंवा मुंबईहून मागवायची, तिच्या पॅकिंगचे आणि वाहतुकीचे पैसे द्यायचे. आजकाल बऱ्याच गाड्यांत काच रबरात न बसवता गोंदाने चिकटवतात, तो गोंद सुकेपर्यंत गाडी हलवायची नाही. तोपर्यंत आणि काच येईपर्यंत पाठीला प्लास्टिकचा कागद आणि चिकटपट्टी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जून-जुलैमध्ये प्लास्टिक लावलेली गाडी म्हणजे चाकांवरचं पाण्याचं टाकं. सीट कुजते, तळाचा पत्रा गंजतो. काच घाईत आणि कच्ची बसवली तर समुद्राची खारी हवा चौकटीच्या कडेने पत्रा खायला लागते. जो माणूस गाडी भाड्याने चालवतो त्याचे बुडालेले दिवस वेगळेच. कर्जाचा हप्ता मात्र काच फुटली म्हणून थांबत नाही.

इथे हमखास कोणीतरी म्हणतं, ‘अरे, विमा आहे ना?’ या एका वाक्यावर आपल्याकडे किती भांडणं मिटवली जातात आणि किती जबाबदाऱ्या झटकल्या जातात याला गणती नाही. कायद्याने सक्तीचा आहे तो फक्त तृतीय पक्षाचा विमा. म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई. आपल्या गाडीची फुटलेली काच त्यात एका रुपयानेही येत नाही. हातावर पोट असलेले बरेच गाडीवाले तेवढाच विमा काढतात. ज्यांनी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमाही घेतला आहे त्यांना अपघात, दंगल, संप आणि खोडसाळपणाने केलेली मोडतोड यांचं संरक्षण असतं. काचेवर घसाराही कापला जात नाही. मग अडचण कुठे?

अडचण बोनसमध्ये. सलग पाच वर्षं एकही दावा केला नाही तर हप्त्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात 50 टक्क्यांपर्यंत सूट मिळते. एक दावा केला की ती सूट शून्यावर येते आणि पुन्हा 20, 25, 35, 45, 50 अशी पायरी-पायरीने चढावी लागते. समजा, हप्त्याचा हा भाग 8,000 रुपये आहे आणि मालक सूट मिळवून 4,000 भरतो. काचेचं बिल 4,500 झालं. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1,000 रुपये मालकानेच सोसायचे असतात, म्हणजे कंपनीकडून मिळणार 3,500. पुढच्या वर्षी त्याला 8,000 भरावे लागतील, त्यानंतर 6,400, मग 6,000, 5,200 आणि 4,400. गाडीची किंमत दरवर्षी थोडी उतरते ते बाजूला ठेवलं तर पाच वर्षांत जास्तीचे 10,000 रुपये गेले. साडेतीन हजार मिळवण्यासाठी दहा हजार! वेगळा हप्ता घेऊन बोनस शाबूत ठेवण्याची सोय कंपन्या देतात, पण ती किती जणांनी घेतलेली असते? म्हणून जाणता मालक काचेसाठी दावा करत नाही, गुपचूप खिशातून भरतो. ‘विमा आहे ना’ म्हणणाऱ्याने हे गणित एकदा करून पाहावं.

मुसलमान घरांत याला आणखी एक पदर आहे. व्याज आणि अनिश्चितता यांमुळे पारंपरिक विम्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. कायद्याने जेवढा सक्तीचा तेवढाच घ्या, असं अनेकजण सांगतात. दंगलींची परिस्थिती लक्षात घेऊन मालमत्तेच्या विम्याला मुभा देणारेही आहेत. या वादात मी इथे शिरत नाही. पण जो माणूस श्रद्धेपोटी जादा विमा घेत नाही त्याची काच फुटली तर तो पूर्णपणे फोडणाऱ्याच्या इमानदारीवर अवलंबून असतो. अशा मोहल्ल्यात तरी नुकसानभरपाईची रीत जास्त पक्की असायला हवी. प्रत्यक्षात ती ‘जाने दो, बच्चा है’ इथे संपते.

आपल्या परंपरेने हा प्रश्न इतका सैल सोडलेला नाही. सहीह बुखारीत एक प्रसंग येतो. पैगंबर मुहंमद (स.) आपल्या एका पत्नीच्या घरी असताना दुसऱ्या पत्नीने सेवकाच्या हाती एका भांड्यातून अन्न पाठवलं. ज्यांच्या घरी ते होते त्यांनी रागाच्या भरात हात मारला आणि भांडं फुटलं. पैगंबरांनी त्यांना फटकारलं नाही. तुकडे गोळा केले, सांडलेलं अन्न उचललं, सवतीमत्सर झाला एवढंच म्हणाले. मग सेवकाला थांबवून घेतलं. जिच्या घरी भांडं फुटलं तिच्याकडचं शाबूत भांडं त्याच्या हाती देऊन पाठवलं आणि फुटलेलं तिच्याच घरी ठेवलं.

या छोट्या प्रसंगात मला दोन गोष्टी स्पष्ट वेगळ्या केलेल्या दिसतात. राग, लाज, शिक्षा हा एक विषय, आणि भांड्याची भरपाई हा दुसरा. पहिल्यात पूर्ण माया, दुसऱ्यात काडीची सूट नाही. आपण बरोबर उलटं करतो. पोराच्या कानाखाली आवाज काढतो, गल्लीभर तमाशा करतो, सात पिढ्यांचा उद्धार होतो. आणि काचेच्या पैशांची गोष्ट निघाली की सगळे घरात जातात. मारून काच बसत नाही. शिवीगाळ करून तर नाहीच.

फिक्हमध्ये या जबाबदारीला ‘जमान’ म्हणतात. ज्या वस्तूसारखी दुसरी वस्तू बाजारात मिळते ती ‘मिसली’, तिच्या बदल्यात तशीच वस्तू द्यायची. जिच्यासारखी दुसरी मिळत नाही ती ‘कीमी’, तिची किंमत द्यायची. कारखान्यात हजारोंनी तयार होणारी गाडीची काच उघडच पहिल्या प्रकारात बसते. म्हणजे ‘घ्या हे पाचशे, चहापाणी करा’ याला भरपाई म्हणत नाहीत. काचेच्या जागी काच आली पाहिजे.

मुलांचं काय? एकोणिसाव्या शतकात उस्मानी साम्राज्याने हनफी फिक्हची कलमवार मांडणी केली, ती ‘मजल्ला’. त्यात अज्ञान मुलाने दुसऱ्याची वस्तू मोडली तर भरपाई त्या मुलाच्या मालमत्तेतून द्यायची, त्याच्याकडे काही नसेल तर ऐपत येईपर्यंत थांबायचं, पालकाला त्यासाठी धरायचं नाही, असं सांगितलं आहे. पहिल्यांदा हे वाचताना पालक सुटला असं वाटतं. पण त्यातली खरी गोम वेगळी आहे. मूल लहान आहे म्हणून देणं मिटत नाही, ते त्याच्या नावावर राहतं. आपल्या गल्लीत बापाने पैसे देणं हीच चांगली आणि शेजाऱ्यासाठी सोयीची रीत आहे, ती सोडू नये. पण त्यातला काही भाग तरी पोराच्या ईदीतून जाऊ द्यावा. ईदीच्या दोनशे रुपयांनी काच येत नाही हे खरं, पण दुसऱ्याच्या वस्तूला किंमत असते हे त्या दोनशे रुपयांनी जेवढं कळेल तेवढं थपडेने कळणार नाही.

ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याच्यासाठीही वाट आहे. कुरआनच्या सूरह अंबियामध्ये हजरत दाऊद आणि हजरत सुलेमान यांच्यासमोर आलेल्या एका खटल्याचा उल्लेख आहे. एकाच्या मेंढ्या रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरल्या. भाष्यकार सांगतात की, दाऊद यांनी मेंढ्या शेतमालकाला देण्याचा निवाडा केला. सुलेमान यांनी दुसरा उपाय सुचवला. शेत पूर्ववत होईपर्यंत मेंढीवाल्याने शेतात राबावं, तोवर मेंढ्यांचं दूध-लोकर शेतमालकाने घ्यावं, आणि मग ज्याचं त्याला परत. नुकसान पूर्ण भरून निघालं आणि कोणी देशोधडीला लागला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर हप्ते, मेहनत, मुदत हे सगळं चालेल. नाकारणं चालणार नाही.

आता गाडीमालकाची बाजूही तोलली पाहिजे, कारण हक्काचं बोट धरून हाव शिरते. दहा वर्षं जुन्या गाडीला चांगल्या प्रतीची साधी काच किंवा मोडीत निघालेल्या गाडीची शाबूत काच व्यवस्थित बसत असेल, तर शोरूमच्याच काचेचा आणि वर मानसिक त्रासाचा हट्ट धरणं बरं नव्हे. कोऱ्या गाडीच्या मालकाने कंपनीची काच मागितली तर ते रास्त आहे. बिल समोर ठेवावं, तेवढंच घ्यावं. देणारा अडचणीत असेल तर मुदत द्यावी, हे तर कुरआनचंच सांगणं आहे. आणि माफ करायचं असेल तर माफ करावं, त्याचं पुण्य मोठं आहे. मात्र माफी देण्याचा हक्क फक्त त्याचाच. गल्लीतल्या चार वडीलधाऱ्यांनी त्याच्या वतीने परस्पर मोठं मन दाखवायचं नसतं. त्याच्यावर दबाव आणून मिळवलेली माफी ही माफी नाही.

फ्रेंच अर्थविचारक फ्रेदेरिक बास्तिया याने 1850 मध्ये फुटलेल्या काचेचंच उदाहरण घेऊन एक मुद्दा मांडला होता. दुकानदाराच्या पोराने काच फोडली. जमलेले लोक म्हणतात, वाईट वाटून घेऊ नका, काचवाल्याला काम मिळालं. बास्तियाचं उत्तर असं की, काचवाल्याला मिळालेले सहा फ्रँक दिसतात. त्या सहा फ्रँकांतून दुकानदार जे जोडे किंवा पुस्तक घेणार होता ते दिसत नाही. मिरकरवाड्यात हे अधिक जवळून कळतं. काचेत गेलेले पाच हजार म्हणजे पोरीच्या क्लासची फी किंवा पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांसाठी राखलेली शिल्लक. ती कुठल्याही बातमीत येत नाही, पण कोणाच्या तरी घरातून ती गेलेली असते.

गल्लीतून रस्त्यावर आलो की हाच प्रश्न राजकारणाचा होतो. बंद, मोर्चा, मिरवणूक, दंगल यांत सार्वजनिक मालमत्तेसाठी 1984 चा वेगळा केंद्रीय कायदा आहे. एसटीच्या काचेची मोजदाद होते. शेजारी उभ्या असलेल्या खासगी रिक्षाच्या किंवा टेम्पोच्या काचेसाठी मालकाने कुठे जायचं? पोलिसांत गुन्हा नोंदवला तर शिक्षेचा मार्ग खुला होतो, पैशांचा नव्हे. 2003 साली मुंबईतल्या बॉम्बस्फोटानंतर पुकारलेल्या बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने 2004 मध्ये शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी 20 लाख रुपये भरायला लावले होते. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा नुकसानीचा अंदाज घेऊन जबाबदारी ठरवणारा दावे-आयुक्त नेमण्याची चौकट घालून दिली, त्यात खासगी मालमत्ताही धरली आहे. म्हणजे वाट आखलेली आहे. पण चार हजारांच्या काचेसाठी त्या वाटेने चालत जाणं सामान्य माणसाला परवडत नाही. तालुका पातळीवर पंधरा दिवसांत पंचनामा, बिल आणि तात्पुरती भरपाई देणारी साधी व्यवस्था असेल तरच या निकालांना टेम्पोवाल्यासाठी अर्थ आहे.

मार्च 2025 मध्ये नागपूरला हिंसाचार झाला, वाहनं फोडली-जाळली गेली. नुकसान दंगलखोरांकडून वसूल करू, असं मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं. ज्याच्यावर दोष शाबीत होईल त्याच्याकडून, झालं तेवढं नुकसान वसूल करणं याला माझा विरोध नाही. भांड्याच्या बदल्यात भांडं हाच तो न्याय. पण लगोलग एका आरोपीचं घर पाडण्यात आलं आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला अशा कारवाईला स्थगिती द्यावी लागली. त्याआधी चारच महिने, 13 नोव्हेंबर 2024 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने केवळ आरोपी आहे म्हणून घर पाडता येणार नाही असं बजावलं होतं. मी एक साधा प्रश्न विचारतो. ते घर पडल्याने कोणत्या गाडीला काच बसली? फिक्हचा एक कायदा आहे की, एका नुकसानीचा इलाज तितक्याच दुसऱ्या नुकसानीने करायचा नसतो. भरपाई आणि सूड यांच्यातली रेघ हीच.

ही रेघ सरकारला दाखवताना ती आपल्यालाही लागू आहे हे विसरता येणार नाही. दगड त्यांच्या बाजूने आला तर अत्याचार आणि आपल्या बाजूने गेला तर जोश, ही वजनं आपल्या तराजूत नसावीत. ज्या रिक्षाची काच फुटली तिचा मालक त्या वादात कुठेच नव्हता. अल्लाहचे हक्क तौबा केल्याने माफ होतील अशी आशा ठेवता येते. हक्कुल इबाद, म्हणजे माणसाचं माणसाकडे असलेलं देणं, ते त्या माणसाने माफ केल्याशिवाय किंवा आपण फेडल्याशिवाय उतरत नाही, ही शिकवण आपण प्रत्येक जुम्म्याला कुठे ना कुठे ऐकतो. त्या देण्यात फक्त उधारी आणि वारसाहक्क येत नाहीत, फोडलेली काचही येते. आणि मालक कोणत्या धर्माचा आहे याने देणं कमी-जास्त होत नाही.

म्हणून जमातींना माझी एक सूचना आहे. लग्न, मय्यत, मदरसा यांसाठी आपल्याकडे वह्या आहेत, फंड आहेत. त्यातच एक छोटा भाग अशा नुकसानीसाठी असावा. गल्लीतल्या मुलांनी काच फोडली आणि घरच्यांची ऐपत नसली तर जमातीने गॅरेजचं बिल आधी चुकतं करावं आणि मग घरच्यांकडून महिन्याला झेपेल तेवढं घ्यावं. बिनव्याजी कर्ज, कर्जे हसना, याचसाठी तर आहे. उद्या एखाद्या तणावाच्या दिवशी आपल्या पोराच्या हातून दुसऱ्या मोहल्ल्यातली काच फुटली, तर त्या मालकाच्या दारात बिल भरायला सर्वात आधी जमातीची माणसं गेली पाहिजेत. पोलीस तपास आपल्या जागी चालू राहील. पण चार दिवसांत त्या गाडीला काच बसलेली असेल, आणि ती कोणी बसवली हे त्या घराला माहीत असेल. सलोख्याच्या शंभर बैठकांपेक्षा मला या एका बिलावर जास्त भरवसा वाटतो.